बापाला उचलायचं नाही

योसेफने तो व्हिडिओ पाठवला नसता तर गर्शोम आपटेकरचा लेकीच्या लग्नाआधीचा आठवडा सुखात गेला असता. पण योसेफ पडला मुलाचा बाप, त्यात उभा संसार इस्रायलमध्ये, अश्दोदला झालेला, आणि त्यात हातात मोबाइल. व्याह्यांना आपल्याकडची मजा दाखवावी म्हणून त्याने थोरल्या मुलाच्या लग्नातला नाच पाठवून दिला आणि खाली लिहिलं, "पनवेललासुद्धा असाच धिंगाणा घालू या, व्याहीबुवा!"

व्याहीबुवांनी तो धिंगाणा वडाळे तळ्याच्या कट्ट्यावर बसून पाहिला. चार दांडगे पोरगे येतात, नवरीला खुर्चीत बसवतात आणि खुर्चीसकट वर उचलतात. मग नवऱ्याला. मग नवऱ्याच्या बापाला. आणि शेवटी, टाळ्यांच्या कडकडाटात, नवरीच्या बापाला. तो बिचारा टक्कल सांभाळत, खुर्चीचे हात घट्ट धरून हसतोय, आणि खाली सगळं इस्रायल नाचतंय.

गर्शोमने मोबाइल खिशात घातला. तो कट्ट्यावरून उतरला आणि तळ्याभोवती चालायला लागला. एक फेरी झाली, दुसरी झाली. घरी बायको हदासा चहा गाळून वाट बघत बसली होती, पण या गृहस्थाचे पाय काही घराकडे वळेनात.

आता खुर्चीत बसवून चार हात वर नेलं तर माणसाचं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. तर गर्शोमची उंची सांगणं आलं. आकडा मी सांगणार नाही, कारण आकडा ऐकला की लोक हाताने जमिनीपासून माप करून दाखवतात, आणि त्या हाताची त्याला भयंकर चीड होती. एवढंच सांगतो की एसटी स्टँडवरच्या रसवाल्याला काउंटरपलीकडून त्याचा फक्त हात दिसायचा, हातातली नोट दिसायची, आणि आवाज यायचा, "एक फुल, बर्फ कमी." आवाज मात्र असा की रसवाला आपसूक सरळ उभा राहायचा. त्या आवाजावरच तो सिनेमात गेला होता. नाटकांच्या स्पर्धांमधून बक्षिसं घेतली होती, पाठांतर चोख होतं, आणि मोठा चरित्र अभिनेता व्हायचं हे त्याने मिसरूड फुटायच्या आत ठरवून टाकलं होतं.

पहिल्या सिनेमात त्याला घरमालकाचं काम मिळालं. दोन पानांचे झकास संवाद होते. ते त्याने सिनेगॉगच्या पायऱ्यांवर बसून घोटले, इतके की शेजारच्या मुलांनाही पाठ झाले. शूटिंगच्या दिवशी हिरोला एकाएकी अवदसा आठवली. तो म्हणाला, "हा एवढं बोलत काय बसतोय? मी याला एका हाताने उचलतो आणि कॉलरला धरून खुंटीला अडकवतो. हा वरून पाय झाडतो. पब्लिक खुर्च्या तोडील." सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन पानं गेली, खुंटी राहिली.

आणि पब्लिकने खरंच खुर्च्या तोडल्या हो! त्यानंतर प्रत्येक सिनेमात, मग तो न्हावी असो, पोस्टमन असो नाहीतर गावचा वैद्य असो, त्याला कुणीतरी उचलून टांगलाच पाहिजे. खुंटीला, झाडाला, देवळाच्या घंटेला, एकदा तर चालत्या टेम्पोच्या कडीला. लोक त्याचं नाव विसरले आणि 'खुंटी' म्हणायला लागले. पनवेलच्या बाजारात भाजी घेताना मागून येऊन कुणीही काखेत हात घालायचं, वर उचलायचं, बायकोला म्हणायचं, "काढ गं फोटो!" आणि खाली ठेवताना वर, "राग नाय ना आला?" राग येऊन करतो काय? तो हसायचा. त्याचं पोट त्या हसण्यावर चालत होतं.

एक गोष्ट मात्र पडद्यावर कधीच दिसली नाही. गर्शोमला हिरोने आयुष्यात एकदाही उचललं नाही. हिरोची कंबर नाजूक. गर्शोमच्या सदऱ्याआत कातडी पट्टा असायचा, पट्ट्याला बारीक तार, तार वरच्या कप्पीवरून मागे, आणि मागे तार ओढायला विठू. हा विठू मूळचा उरणजवळच्या मोऱ्याचा, कोळ्याचा पोर. बापाच्या होडीवर जाळी ओढून दंड असे झाले होते की फाइटमास्तरने त्याला धक्क्यावरूनच उचलून आणला होता. हिरो नुसता हात लावायचा, नाटक करायचा, आणि गर्शोमचं सगळं वजन त्या अंधारातल्या विठूच्या हातात. विठूची एक सवय होती. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी तो पट्ट्याची गाठ चाचपायचा आणि कानाशी येऊन विचारायचा, "गर्शोमशेट, वढू काय?" गर्शोम "वढ" म्हणेपर्यंत तो हलायचा नाही. दिग्दर्शक बोंबलला तरी नाही. सेटवर शंभर माणसं, पण हे विचारणारा तो एकटा.

मग अविटलच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं. अविटल ही गर्शोमची एकुलती एक लेक, तेव्हा चौथीत. उंचीने आईवर गेलेली, नऊ वर्षांची झाली तोवर बापाच्या डोक्यावरून बघायला लागलेली. प्रमुख पाहुणे म्हणून शाळेने गर्शोमला बोलावलं. कडक इस्त्रीचा कोट घालून, चांगलं भाषण तयार करून तो गेला. स्टेजवर गेला तर माइक वर, हा खाली. आता माइकला खाली करायचा स्क्रू असतो, हे शेंबड्या पोराला कळतं. पण सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांना मोठा विनोद सुचला. त्यांनी माइक खाली घ्यायचं सोडून पाहुणाच वर घेतला! काखेत हात घालून गर्शोमला माइकसमोर धरला आणि म्हणाले, "बोला, खुंटीसाहेब!" सभागृह हसून लोटपोट. तिसऱ्या रांगेत फुलपाखराचे पंख लावून बसलेली अविटल तेवढी हसली नाही.

 घरी आल्यावर पंख काढता काढता तिने विचारलं, "पप्पा, त्यांनी तुम्हाला विचारलं होतं?"

"काय गं?"

"उचलू का म्हणून."

 इतकी वर्षं लोकांना हसवलं, पण त्या प्रश्नाने त्याला जागच्या जागी उघडा पाडला. दुसऱ्या दिवशी त्याने फोन फिरवले. म्हणाला, "काम द्या, मार द्या, शिव्या द्या, चिखलात लोळवा. पण यापुढे मला कुणी उचलायचं नाही." निर्माते म्हणाले, "मग तुम्हाला घ्यायचं कशाला?" तोंडावर म्हणाले! पुढची किती तरी वर्षं कोरडी गेली. नंतर मालिका आल्या तशी बारीकसारीक कामं मिळायला लागली. कधी पानवाला, कधी तिकीटखिडकीतला माणूस, कधी वकिलाचा मुन्शी. सगळे बसलेले. पण संवाद होते, आणि गर्शोम त्यातला एकेक शब्द असा टाकायचा की हदासा मालिका बघताना भाजी करपवायची.

तर असा हा नियम. बाजारातही त्याने तो पाळायला लावला. कुणी हात पुढे केला की त्याच खणखणीत आवाजात, "हात खाली!" आणि हात खाली जायचे. आता तुम्हीच सांगा, त्या माणसाने तो व्हिडिओ बघून तळ्याभोवती फेऱ्या नाही मारायच्या तर काय करायचं?

घरी आल्यावर त्याने हदासाला फोन दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "अय्या, किती छान! मलासुद्धा उचलतील?"

"तू चढ की खुशाल खुर्चीवर. माझं काय?"

"तुमचं काय म्हणजे? सगळ्यांना उचलतात ते. तो टकल्या बघा किती खूश आहे."

"तो टकल्या सहा फूट आहे, हदासा! त्याला उचललं की आनंद. मला उचललं की खुंटी. हॉलमध्ये अर्धं पनवेल असणार. एक जरी हसला ना, तर माझ्या लेकीच्या लग्नाचं तेवढंच लोकांच्या लक्षात राहील."

 हदासाने चहा पुन्हा गरम करून दिला, तो त्याने गार होऊ दिला.

अविटल आत मलिद्यासाठी पोहे निवडत होती. लग्नाच्या आधी प्रेषित एलियाहू हानाबीचं नाव घेऊन मलिदा करायचा, गोड पोह्यांचं ताट फळांनी भरायचं, हे तिला अश्दोदला नर्सचं काम करतानाही सुटलं नव्हतं. तिथेच योसेफचा धाकटा मुलगा नोम तिला भेटला. लग्न पनवेललाच व्हायला पाहिजे, हा हट्ट तिचा. लग्न झालं की ती जायची ती कायमची. हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण बॅगा भिंतीला लावून ठेवलेल्या दिसत होत्या.

गर्शोम तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "अविटल, मला कुणी उचलायचं नाही. शपथ घाल त्या पोरांना."

तिने मान वर केली. ती बसलेली होती, म्हणून डोळ्याला डोळा मिळाला. "पप्पा, हे तुम्ही मला सांगायला पाहिजे का? मी नोमला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलंय. तुमच्या अंगाला कुणी बोट लावणार नाही."

एवढ्यावर माणसाने शांत व्हावं की नाही? पण नाही. अस्वस्थपणा काय असा शब्दाने जातो? दुसऱ्या दिवशी तो मंडपवाल्या भावेशच्या गोडाऊनवर जाऊन धडकला. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीभोवती फिरला, एक खुर्ची हलवून पाहिली.

"भावेश, ही उचलायला फार हलकी आहे रे."

"काका, खुर्ची हलकीच असते. पोरांना लावायला सोपी."

"आम्हा बापांसाठी जड काही नाही?"

भावेशने कोपऱ्यातला सोफा दाखवला. शिसवी रंगाचा, दोन्ही बाजूंना सिंहाची तोंडं, मागे मोराचा पिसारा. ठेवायला सहा माणसं लागायची. गर्शोमने त्याला धक्का देऊन पाहिला. सोफा ढिम्म. "हाच," गर्शोम म्हणाला. त्या रात्री पहिल्यांदा त्याला बरी झोप लागली. पण सकाळी उठल्यावर पुन्हा वाटलं, त्यांनी सोफ्यावरूनच ओढून काढलं तर? आणि झाल्या तळ्याच्या फेऱ्या सुरू.

लग्नाच्या दिवशी मोऱ्याहून विठू आला, बायको सोनाबाईला घेऊन. केस पांढरे झालेले, दंड मात्र तसेच. गर्शोमला बघून त्याने हात जोडले. मिठी मारायची तर वाकावं लागणार, म्हणून तो सरळ जमिनीवर बसला आणि मग मिठी मारली. "पोर चालली, शेट," तो म्हणाला. गर्शोमने त्याचा दंड धरला. तो म्हणाला, "चल, जेवून घे."

"आदी लगीन तरी लागू दे!" सोनाबाई हसली.

लग्न देखणं लागलं. अविटल पांढऱ्याशुभ्र साडीत, कपाळाला मण्यांचा मळवट बांधून सिनेगॉगच्या दारातून आली तेव्हा नोमने तिच्यासाठी गाणं म्हटलं, रीतीप्रमाणे, जरा बेसूर, पण मनापासून. मनुकांच्या शरबताचा पेला दोघांनी ओठांना लावला. नोमने रिवाजाप्रमाणे पेला पायाखाली फोडला, सगळे ओरडले, आणि वरात हॉलवर आली. गर्शोम सिंहाच्या सोफ्यावर जाऊन बसला. पाय जमिनीला टेकत नव्हते, तरी बसला, दोन्ही हातांनी सिंह धरून.

मग गाणं लागलं आणि अश्दोदची पोरं मैदानात उतरली. नवरीची खुर्ची वर गेली. अविटल किंचाळली, हसली. नोमची खुर्ची वर गेली. मग योसेफ! चांगला गोलमटोल माणूस, त्याला उचलताना पोरांच्या माना फुगल्या, खुर्ची एकीकडे कलली. योसेफ ओरडला, "अरे मेलो, सोडा!" आणि सगळा हॉल हसला. गर्शोम सावध होऊन ते हसणं ऐकत होता. हसण्याच्या जाती त्याच्याइतक्या कुणाला कळणार? हे हसणं त्याच्या ओळखीचं नव्हतं. यात कुणी कुणाला लहान करत नव्हतं. तो भलामोठा योसेफ वर बाळासारखा घाबरला होता, आणि लोकांना त्याच्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटत होता.

नोमची आई वर गेली. हदासा वर गेली. हदासाने तर वरून पदर सांभाळत हात हलवले! आता आपली पाळी. गर्शोमने सिंह आणखी घट्ट धरले. दांडग्या पोरांचा घोळका गाणं म्हणत सोफ्याकडे आला. त्यातल्या पुढच्याने गर्शोमला पाहिलं, छातीवर हात ठेवला, अदबीने मान लववली, आणि घोळका सोफ्याला वळसा घालून पुढे गेला. पुढे कोण? तर पंख्याची वायर बघायला आलेला भावेश. त्यांनी भावेशला उचललं! मंडपवाला हवेत, आणि नवरीचा बाप सोफ्यावर.

आणि गर्शोमला असा राग आला म्हणता! कुणाचा, ते त्यालाही चटकन कळेना. त्याने मागितलं तेच तर मिळालं होतं. आयुष्यभर माणसांनी न विचारता उचललं, आणि आज न विचारताच टाळलं. उडी मारून तो सोफ्यावरून उतरला आणि गर्दीत घुसला. पण खाली काय दिसणार? पाठी, पट्टे, साड्यांचे काठ, घामेजलेले शर्ट. अविटल कुठे? तिला पुन्हा खुर्चीत वर उचललं होतं; गर्दीच्या वर फक्त तिच्या सँडल दिसल्या, मेंदीच्या पावलांतल्या, इकडून तिकडे तरंगणाऱ्या. त्या वळत होत्या त्यावरून ती कुणाला तरी शोधत असणार. सोफ्याकडे बघत असणार, आणि सोफा रिकामा. तो ओरडला, "अविटल! मी इथे आहे!" त्या आवाजालाही गाण्याने खाऊन टाकलं. परवा ती विमानात बसेल, आणि आजच्या दिवशी तिला बाप दिसत नाहीय. त्याला रडू फुटलं.

त्याने भिंतीजवळची एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, तिच्यावर चढून बसला आणि पोटातून हाक मारली, "विठू!"

विठू जेवणाच्या रांगेत होता. ताट सोनाबाईच्या हातात देऊन तो आला. "काय झाला, शेट?"

"मला वर घे."

बाजूच्या पोराला तेवढी मराठी कळत होती. तो घाबरून म्हणाला, "नाही, नाही, अविटलने शपथ घातली आहे."

"तिच्या बापाने सोडवली आहे," गर्शोम म्हणाला. "धर तिकडून."

विठूने खुर्चीचा मागचा पाय धरला. सवयीने त्याचा दुसरा हात गर्शोमच्या कमरेकडे गेला, सदऱ्याखालचा पट्टा चाचपायला. पट्टा नव्हता. त्याने हात काढून घेतला, कानाशी वाकला आणि विचारलं, "गर्शोमशेट, वढू काय?"

"वढ."

खुर्ची वर गेली. पाठी खाली गेल्या, पट्टे खाली गेले, टोप्या, गजरे, योसेफचं डोकं, सगळं खाली गेलं. कुणीतरी "खुंटी!" म्हणून ओरडलंही. पण त्याला ते लागलं नाही, कारण समोर अविटल होती.

तिने त्याला हवेत पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. "खाली ठेवा त्यांना! कुणी उचललं? मी सांगितलं होतं ना!" ती खुर्चीतून अर्धी उठली. नोमच्या मित्रांनी धांदलीने तिची खुर्ची पुढे आणली, विठूने याची आणली. दोन्ही खुर्च्या एकमेकींना टेकल्या.

"पप्पा," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज चौथीतल्या पोरीचा होता. "त्यांनी तुम्हाला विचारलं?"

"विचारलं," गर्शोम म्हणाला. "मीच म्हटलं उचला."

तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. किती तरी वर्षांनी तिला त्यासाठी वाकावं लागलं नाही. तिचं कपाळ त्याच्या कपाळाला लागलं, मळवटाचे मणी त्याच्या भुवईला टोचले, आणि दोघं तशीच हेलकावत राहिली.

खालून विठूचा आवाज आला. दंड आता म्हातारे झाले होते, पण सवय तीच होती. "शेट, उतरवू काय?"

"थांब रे," गर्शोम म्हणाला. "एवढ्यात नको."